डावी बाजू

वीक गावातल्या शेवटच्या पंपामागे माझं दुकान.
पुढे फक्त वाळू. काळी, बारीक,
हिमनदीनं युगानुयुगं दळलेली.

दुकानाबाहेर एक दरवाजा टांगलाय,
कुणा पर्यटकाच्या भाड्याच्या गाडीचा.
आतून कोरा करकरीत,
बाहेरून नुसता पत्रा:
अर्ध्या तासात वाऱ्यानं सोललेला.
गिऱ्हाईक आलं की मी आधी गप्प राहतो,
दरवाजाला बोलू देतो.

ल्योतुननं तो पाहिलाच नाही.
सुईण ती, आत येताच हात धुवायची जागा शोधणारी.
"रंग वाचवायला काय लावावं?" म्हणाली,
"पैसे एवढेच आहेत."
पाकीट टेबलावर टेकलं, आवाजही झाला नाही.

मग मी माझं पुराण लावलं.
मेण स्वस्त. हातानं चोळायचं, पाण्याचे मणी होतात,
देखणं दिसतं, आणि दोन महिन्यांत उतरतं.
(आमचे वडील ट्रॅक्टरला लोकरीची चरबी फासायचे.
गंज नव्हता, पण गावची कुत्री ट्रॅक्टर चाटायची.)
सिरॅमिक कडक, काचेसारखं.
मीठ, चिखल, पक्ष्यांची शीट, काही चिकटू देत नाही.
पण वाळू ही काचेची आई,
ती लेकीला कशाला घाबरेल?
राहिली फिल्म. पारदर्शक, जाड,
खडा स्वतःच्या अंगावर घेणारी.
ऊन लागलं की ओरखडे आपले आपण बुजवते.
"ऊन? इथं?" कोपऱ्यातून काझिक,
माझा पोलिश मदतनीस, आठ वर्षं उन्हाची वाट बघणारा.
सगळ्या गाडीचा भाव सांगितला.
पाकिटाच्या तिप्पट निघाला.

मी म्हटलं, बाई, सगळ्यात स्वस्त उपाय
रस्त्याकडेलाच उभा आहे.
पाटीवर वाऱ्याचा आकडा लाल झाला की थांबायचं.
कॉफी प्यायची. वारासुद्धा दमतो.

ती हसली नाही.
"जाताना थांबता येत नाही," म्हणाली.
"येताना येतं."

बराच वेळ दुकानात फक्त हीटरची घरघर.
मग काझिकनं खडू घेतला,
फरशीवर वीक काढलं, दूर पूर्वेला क्लाउस्तुर,
मध्ये एक रेघ, वर बर्फ,
बर्फातून खाली बाणावर बाण.
जाताना वारा डावीकडून.
येताना उजवीकडून.
आम्ही तिघं त्या रेघेकडे बघत उभे,
जणू तिला कळा सुरू झाल्यात.

नाक, डावा आरसा, डावे दोन्ही दरवाजे:
तेवढ्याला फिल्म.
दोन दिवस साबणाचं पाणी, गरम हवा, रबरी पट्टी.
मागच्या दाराच्या कडेला एक बुडबुडा राहिलाच,
तांदळाएवढा.
काढतो म्हटलं तर ती म्हणे, असू दे.
उजव्या बाजूला मेण, वडिलांच्या पद्धतीनं,
गोल गोल, खांदा दुखेपर्यंत.
बाजू अगदीच वाऱ्यावर सोडली असं नको व्हायला.

मार्चमध्ये ती परत आली.
डावीकडची फिल्म दुधाळ, देवी आल्यासारखी खड्ड्याखड्ड्यांची,
आणि खाली रंग शाबूत, लालच्या लाल.
मला छाती फुगवायची होती.
मग मी गाडीला वळसा घातला.

उजवी बाजू
माझ्या दारावरच्या दरवाजाची सख्खी बहीण.

"येताना थांबता येतं म्हणालीस ना?"
"मागच्या सीटवर दोघं होती," ती म्हणाली,
"त्यातलं एक अजून यायचं होतं."

काझिक मेणाचा डबा उघडून तयार.
मी त्याला झाकण लाव म्हटलं.
आधी रंग, मग फिल्म. पैशांचं बघू,
उन्हाळ्यात, किंवा तिच्या सवडीनं.

डावीकडची जुनी सोलायला घेतली तेव्हा
कडेला तो बुडबुडा अजून होता.
सगळ्या हिवाळ्यात
वाळूला तेवढाच सापडला नव्हता.